फवारणी पंपाचा श्रीमंत चुलतभाऊ

“वॉटर पंप गेलाय,” एवढंच मी फोनवर म्हणालो आणि पलीकडून गॅरेजवाल्याचे प्रश्न धडाधड सुरू झाले. गाडी गरम होते का? कूलंट किती उरलंय? रेडिएटरखाली थेंब दिसतात का? गाडी गरम होत नव्हती. गरम झाला होता माझा साडू. कमरेला टॉवेल, डोक्याला शाम्पूचा फेस, आणि भाड्याने आणलेल्या आलिशान मोटरहोमच्या न्हाणीघराच्या दारात उभा. नळ सोडला की पलंगाखालून खर्रर्र आवाज यायचा, नळातून एक फुस्स निघायचा आणि संपलं.

गॅरेजच्या भाषेत वॉटर पंप म्हणजे इंजिनाचा. पट्ट्यावर फिरणारा, इंजिन आणि रेडिएटर यांच्यात कूलंट खेळवणारा. तो गेला की गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. आमचा गेला होता तो दुसरा, नळाला पाणी देणारा. तो गेला तरी गाडी मजेत धावते, फक्त माणसांना तिच्यात राहता येत नाही. “तो आमचा विषय नाही साहेब, प्लंबर पाहा,” म्हणून गॅरेजवाल्याने फोन ठेवला. प्लंबरला लावला तर तो म्हणाला, “गाडीत कसला आला नळ?”

गजाननमहाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतते, तेव्हाच्या गर्दीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा चालायला लाखभर पावलं येतात. त्यासाठीच आम्हीही आलो होतो. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा राहिलेला तुकडा खुला झाला, ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला आणि तेव्हापासून माझ्या साडूच्या डोक्यात चाकांवरच्या घराचं खूळ होतं. पुण्यात गाडी मिळाली. दोन पलंग, ओटा, फ्रिज, एसी, संडास-बाथरूम. मेहकरला समृद्धी सोडायची, खामगाववरून शेगाव गाठायचं, असा बेत.

आता शेगावला स्वतःचा पलंग घेऊन जाण्यात काय शहाणपण आहे, हा प्रश्न माझ्या बायकोने निघतानाच विचारला होता आणि तो अजून अनुत्तरित आहे. ज्या गावात संस्थानाची भक्तनिवासं आहेत, जिथे खोली स्वस्त आणि फरशी आरशासारखी असते, जिथे सेवेकरी ‘माऊली’ म्हणून हाक मारतो, तिथे चौदा-पंधरा लाखांच्या वरची गाडी आणून तिच्यात झोपायचं! पण साडूपुढे बोलणार कोण.

शेगावला चाकांवरची घरं नवीन नाहीत. १८ नोव्हेंबर २०२२ला भारत जोडो यात्रा इथे होती. राहुल गांधींची सभा तुम्हाला आठवत असेल. मला आठवतात ते कंटेनर. यात्रेसोबत ट्रकवर बसवलेले साठेक कंटेनर चालत होते, आत झोपायच्या जागा आणि शौचालयं. रोज संध्याकाळी एखाद्या मैदानात हे गाव वसायचं आणि सकाळी उठून पुढे जायचं. त्याच दिवशी महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी यात्रेत सामील झाले. शेगाव हे आपलं जन्मस्थानक आहे, असं त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि ते शब्दशः खरं आहे. १७ जानेवारी १९६०ला त्यांची आई ज्या हावडा मेलमध्ये होती, ती शेगाव स्थानकात थांबलेली असताना त्यांचा जन्म झाला.

त्या मेलच्या डब्यात पाण्याचा पंप नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. जुन्या साध्या डब्यांत टाकी छताजवळ असायची आणि पाणी आपोआप खाली यायचं. आपल्या घराच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचा न्याय तोच. मग मोटरहोमवालेच टाकी टपावर का ठेवत नाहीत? कारण वजन. १५० लिटर पाणी म्हणजे दीड क्विंटल. रुळावरच्या अवजड डब्याला त्याचं काही वाटत नाही, पण उंच, अरुंद व्हॅनच्या डोक्यावर दीड क्विंटल हिंदकळायला लागलं तर पहिल्याच वळणावर पोटात गोळा येईल. शिवाय उंची तरी किती मिळणार? दर मीटर उंचीमागे पाण्याला जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. टपावरच्या टाकीतून शॉवरला येईल ती धार नव्हे, लाळ. म्हणून टाकी खाली, पलंगाच्या किंवा तळाच्या पोटात, आणि पाणी वर ढकलायला पंप. हा पंप तीनेक बार दाब देतो. तुमच्या इमारतीची टाकी तीस मीटरवर, म्हणजे दहाव्या मजल्याच्या गच्चीवर असेल, तेव्हा तळमजल्याच्या नळाला जो जोर येतो तितका. आणि हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन मुठींएवढ्या यंत्रातून.

गाडी देणाऱ्यांच्या मदतवाहिनीवरच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की पंपाची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, माल पुण्याहून येईल, चार दिवस लागतील, बिल नंतर कळवू. “उघडून पाहू का?” असं मी विचारलं. उघडलं तर अनामत रक्कम परत मिळणार नाही, असं त्याच गोड आवाजात उत्तर आलं. साडूने बादलीभर पाणी ओतून डोकं धुतलं आणि लाल डोळ्यांनी म्हणाला, “उघडायचा.”

शेगावात पावसाळ्यात पंप उघडणारा माणूस शोधावा लागत नाही. कापूस-सोयाबीनवर फवारणी चालू असते आणि कृषी सेवा केंद्रांच्या आसपास कुठेतरी एक टपरी असतेच, जिच्यासमोर पाठीवरच्या बॅटरी पंपांची रांग लागलेली असते. आम्ही गेलो त्या टपरीत साठीचे एक काका बसले होते. समोर सात-आठ पंप, कुणाची नळी फाटलेली, कुणाचा नोझल बुजलेला. मी पलंगाखालून काढलेला आमचा पंप पिशवीतून बाहेर काढला. त्यावर परदेशी कंपनीचं नाव, चार रबरी पाय, चकचकीत काळं डोकं. काकांनी तो हातात घेतला, फिरवला, आणि हसले.

“हा त आपलाच पंप हाये बाप्पा. फवारनीचा.”

हे वाक्य साडूला जिव्हारी लागलं, पण ते अक्षरशः खरं होतं. काकांनी चार स्क्रू काढले, डोकं वेगळं केलं आणि शेजारी एका फवारणी पंपाचं डोकं उघडून ठेवलं. दोन्ही सख्खे चुलतभाऊ. आत मोटरच्या दांड्यावर एक तिरकी चकती बसवलेली असते. मोटर फिरली की ती चकती फिरत नाही, डुगडुगते. फरशीवर टाकलेलं ताट शांत होण्याआधी जसं कडेकडेने लोळतं तशी. त्या डुगडुगण्याने रबराच्या पडद्याचे तीन कप्पे पाळीपाळीने दबतात आणि फुगतात. फुगला की पाणी आत, दबला की बाहेर. पाणी उलटं फिरू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला रबरी झडपा. लोहाराच्या भात्यात आणि यात तत्त्वाचा फरक काही नाही. वर एक दाबाचा स्विच असतो. नळ बंद केला की नळीत दाब वाढतो, ठरावीक आकड्याला स्विच तुटतो, मोटर थांबते. नळ सोडला की दाब पडतो, मोटर सुरू. शेतकरी काठीवरचं बटण सोडतो तेव्हा पाठीवरचा पंप गप्प होतो, तेही याच स्विचमुळे. घरच्या पाणीशुद्धी यंत्रात गुरगुरणारा पंपही याच कुळातला.

म्हणजे लाखोंच्या गाडीतला तो ‘प्रीमियम’ नळ आणि सोयाबीनवरच्या अळीमागे लागलेला पंप, दोघांचा जीव त्याच तीन कप्प्यांच्या रबरात.

काकांनी निदान ज्या क्रमाने केलं, तो क्रम मला मदतवाहिनीच्या मुलीला पाठवावासा वाटतो. मोटर मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग तारा, मग तो दाबाचा स्विच. रबराकडे जायचंच नाही. मोटर फिरते पण पाणी उचलत नाही, तर दोष पंपाच्या आधी शोधायचा: टाकी रिकामी आहे का, ओढीच्या बाजूला हवा शिरते का, जाळी बुजली आहे का. फूट व्हॉल्व्ह गळका असेल तर विहिरीवरची मोटर हवा धरते, हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं. नळ सगळे बंद असताना पंप रात्री मधूनच एखादा सेकंद घुरघुरत असेल, तर कुठेतरी थेंब गळतोय, किंवा झडपेतून पाणी टाकीत परत जातंय. आणि डोकं आणि मोटर यांच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, तरच पडदा फाटला. तेव्हा किट घाला किंवा पंप बदला. या यादीत ‘असेंब्ली बदला’ शेवटी येतं. कंपनीच्या यादीत ते पहिलं आणि एकमेव असतं, कारण फोनवरून निदान करण्यापेक्षा खोकं पाठवणं सोपं.

आमच्या पंपाच्या झडपांवर पांढरी खपली होती. काकांनी नखाने खरवडून तळहातावर घेतली, मिठासारखी. जाळीत बारीक गाळ आणि जाळीच्या झाकणाची रबरी रिंग चिरलेली. झडपा नीट मिटत नव्हत्या, रिंगमधून हवा शिरत होती. मोटरचा यात काहीच गुन्हा नव्हता.

“काहून फेकता? नवा हाये थो. पान्यानं खाल्ला त्याले,” काका म्हणाले आणि विचारलं, “टाकी कुठी भरली?”

इथे मला कबुली द्यावी लागली. आदल्या दिवशी आम्ही अकोटकडे जाऊन आलो होतो, अकोलीची विहीर पाहायला. दासगणूंच्या पोथीत ती कथा आहे: तहानलेल्या महाराजांना भास्कर पाटलांनी पाणी नाकारलं, महाराज कोरड्या पडलेल्या विहिरीवर गेले आणि तिला पाणी आलं. शेगावात लहान पोरालाही ही गोष्ट तोंडपाठ असते. विहिरीला नमस्कार करून परतताना, भक्तीच्या भरात, आम्ही एका ढाब्यामागच्या बोअरवरून दीडशे लिटरची टाकी काठोकाठ भरून घेतली होती.

तो सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला, नऊशेच्या आसपास गावं पोटात घेणारा. खोल गाळाची काळी जमीन वर, आणि खाली खारं पाणी. बोअर मारली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की जमीन चोपण होते, माणसाला दिलं की पोट आणि मूत्रपिंड तक्रार करतात. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या गावांना गोडं पाणी वान धरणातून पाइपाने आणावं लागलं, त्याला कारण हेच. अशा मुलखात विहिरीला गोडं पाणी लागणं हा चमत्कार मानला गेला, तर त्यात अंधश्रद्धेइतकीच भूगोलाची जाणही आहे.

मात्र एका रात्रीत इतकी खपली धरत नाही, हे काकांनीच सांगितलं. भाड्याची गाडी आज कोकणात, उद्या मराठवाड्यात; जिथे मिळेल तिथलं पाणी भरायचं, सहल संपली की पंपात उरलेलं तसंच ठेवून गाडी उभी करायची. पाणी आटतं, क्षार राहतात. पुढच्या गिऱ्हाइकाचं पाणी त्यावर आणखी एक थर देतं. आमच्या बोअरच्या गाळाने फक्त शेवटचा धक्का दिला. काकांनी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलं, झडपा आणि पडदा त्यात बुडवून ठेवले, आणि तेवढ्यात एका शेतकऱ्याच्या पंपाला नवीन नळी बसवून दिली. पंधरा मिनिटांनी झडपा काळ्याभोर. चिरलेल्या रिंगच्या जागी फवारणी पंपाच्या वायसर किटमधली रिंग बसली, जणू तिथलीच.

“तर मग बिघडलाच तर फवारणीचाच नवा पंप टाकला तर?” साडूने विचारलं. हिशेब त्याच्या डोळ्यांत दिसत होता. तसा पंप हजाराच्या आत मिळतो. काकांनी मान हलवली. इथे या दोन चुलतभावांचे रस्ते वेगळे होतात. फवारणीच्या पंपाला थोडं पाणी जोरात फेकायचं असतं, त्याचा स्विच बराच उशिरा, मोटरहोमच्या दीड-दोनपट दाबाला तुटतो. गाडीतल्या नळ्यांचे सांधे आणि गीझर तेवढं सोसतीलच असं नाही. पाणी मात्र तो कमी देतो, मिनिटाला चार-पाच लिटर. गाडीच्या पंपाचं काम सात ते अकरा लिटरांचं. आणि रबर पिण्याच्या पाण्याच्या प्रतीचं असावं लागतं. वापरलेला फवारणी पंप तर स्वप्नातही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ते विष धुऊन निघतं असं समजणाऱ्याने शेतात एक दिवस राहून यावं.

पंप परत बसवायला काका स्वतः आले. त्यांना गाडी पाहायची होती, हे उघड होतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि फ्रिज उघडूनही पाहिला. पण मग मल्टिमीटर काढला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पंप चालू करून पंपाच्या टोकांवर मोजले तर १०.५. जवळपास दोन व्होल्ट वाटेत सांडले होते. गणित शाळेतलंच आहे. बॅटरी मागे, पंप पुढे, मध्ये दहा मीटर तार, जाऊन-येऊन वीस. तार दीड स्क्वेअर एमएमची, म्हणजे वीस मीटरला पाव ओहमच्या आसपास रोध. पंप ओढतो आठ अँपिअर. आठ गुणिले पाव, दोन व्होल्ट. घरात २३० व्होल्टांतून दोन गेले तर पंख्यालाही कळत नाही. १२ मधून दोन गेले की मोटर रखडते, तापते, कार्बन लवकर घासतात आणि लोक पंपाला शिव्या देतात. चार स्क्वेअरची तार टाकली तर हाच तोटा पाऊण व्होल्टावर येतो. बांधणाऱ्याने लाकडी छतावर आणि रंगीत दिव्यांवर पैसा ओतला होता आणि तारेत वाचवला होता. चाकांवरच्या ऐषारामाबद्दलचं माझं मत त्या क्षणी जे झालं ते अजून बदललेलं नाही.

बसवताना काकांनी दोन गोष्टी बजावल्या. प्लॅस्टिकचे आटे हातानेच आवळायचे, पाना लावला की आटा गेलाच म्हणून समजा. आणि जोडणी झाली की टाकीत लिटरमागे सुमारे एक मिली साधं, बिनवासाचं ब्लीच घालून सगळ्या नळांतून खेळवायचं, रात्रभर ठेवायचं, मग धुऊन टाकायचं.

राज्याने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथे हॉटेल बांधता येत नाही तिथे पर्यटक गाडीतच राहतील, कॅरॅव्हॅन पार्क उभी राहतील, तिथे पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असेल, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण चार दिवसांच्या आमच्या फेरीत तपासलेलं पाणी भरता येईल आणि संडासाची टाकी सभ्यपणे रिकामी करता येईल, असा एकही फलक दिसला नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आहे. तेव्हा अशा गाड्या किती येतील याचे अंदाज बांधले जातील, पार्किंगची मैदानं आखली जातील. त्यांच्या नळांना पाणी कुठलं, आणि ते नळ रुसले तर पाहणार कोण? महामार्गावरच्या प्रत्येक तालुक्यात फवारणी पंप दुरुस्त करणारे हात आहेत. त्यांना पिण्याच्या पाण्याच्या प्रतीची किट द्या, दोन दिवसांचं शिक्षण द्या, टपरीवर एक पाटी लावा. कोट्यवधींच्या ‘सर्व्हिस हब’पेक्षा हे स्वस्त पडेल. पण पाटीचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत, ही अडचण आहे खरी.

पालखीकडे पाहा. सातशेच्या आसपास वारकरी शेगावहून निघतात, पंढरपूरला जातात आणि परत येतात. पाण्याचा टँकर कुठे थांबेल, तो कुठून भरायचा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. कुणाच्याही अंगाला साबण लागलेला असताना पाणी जात नाही.

साडूने नळ सोडला. पलंगाखाली पंप आधी कोरडा घुरघुरला, दोनदा गचके खाल्ले, मग नळातून हवेसकट थुंकल्यासारखं पाणी आलं आणि धार एकसंध झाली. नळ बंद केला, एका सेकंदात पंप गप्प. साडूने विजयी मुद्रेने पाचशेची नोट पुढे केली. काकांनी तीनशे ठेवून दोनशे परत दिले, मग धारेखाली बोट धरून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“खारं हाये. हे टाकीत ठेवसान त आठ दिवसांनी पुन्हा याल माह्याकडं.”

टाकी रिकामी करायला आम्ही खालचा कॉक उघडला. दीडशे लिटर पाणी रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत मुरत होतं आणि काका चपला घालून निघाले होते. टपरीपुढे आता बारा-तेरा पंप जमले होते.